बिअरच्या हॉलमधून निघालेला ‘दादा’: महायुद्धाच्या काळात एका नाइटक्लबने कलेचे नियम कसे मोडले

नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात, भिंतीला चिकटपट्टीने डकवलेलं एक केळं सुमारे ६२ लाख डॉलरला विकलं गेलं. आपल्या हिशेबात ५२ कोटींच्या घरात. घेणाऱ्याने नंतर ते केळं सगळ्यांसमोर खाऊनही टाकलं. ही बातमी वाचून बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघालं असेल: याला कला म्हणायचं?

प्रश्न रास्त आहे. फक्त तो नवा नाही. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी काही तरुण मंडळींनी हाच प्रश्न मुद्दाम, जोरात, ढोल बडवत विचारला होता. त्यांच्या चळवळीला दादा किंवा दादावाद म्हणतात. (मराठीतल्या दादाशी त्याचा काही संबंध नाही.) पुस्तकांत दादाबद्दल वाचायला गेलं की जाहीरनामे, वाद आणि ‘इझम’ यांच्या गर्दीत माणूस हरवतो. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करणार आहे. जिथे हे घडलं ती खोली आधी बघायची, तिथे बिअर कोण विकत होतं, गात कोण होतं, ऐकायला कोण बसलं होतं ते बघायचं. एवढं कळलं की ‘निरर्थक’ वाटणाऱ्या या कलेचा बराचसा अर्थ लागतो, असं माझं ठाम मत आहे.

आधी दोन शब्द

‘अवाँ-गार्द’ म्हणजे आपल्या काळात मान्य असलेले कलेचे नियम जाणूनबुजून मोडणारी, चाचपडत पुढची वाट शोधणारी कला. एवढी व्याख्या पुरे.

दुसरा शब्द कॅबरे. तो ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला हॉटेलातला नाच येतो. युरोपातला कॅबरे त्याहून बराच वेगळा होता. १८८१ मध्ये पॅरिसच्या माँमार्त्र भागात ‘शा न्वार’ नावाचं ठिकाण सुरू झालं, तिथून ही रीत पसरली. छोटी खोली, खाणंपिणं, कोपऱ्यात जेमतेम मावेल एवढा रंगमंच. त्यावर पाच-दहा मिनिटांचे तुकडे एकामागून एक: गाणं, कविता, नक्कल, राजकीय टोमणे, नाच. प्रेक्षक पीत असतात, बोलत असतात, मध्येच ओरडतात. त्यांचं लक्ष खेचून घेणं हे कलावंताचं रोजचं काम. १९०१ मध्ये म्युनिकमध्येही असे कॅबरे सुरू झाले, आणि आपल्या गोष्टीतली मुख्य दोन माणसं त्याच शहराच्या हवेत तयार झाली.

युद्धाच्या मधोमध एक तटस्थ शहर

पहिलं महायुद्ध ऑगस्ट १९१४ मध्ये पेटलं. स्वित्झर्लंड तटस्थ राहिलं आणि त्याच्या चारही बाजूंचे देश लढत होते. त्यामुळे झुरिचमध्ये तऱ्हेतऱ्हेची माणसं येऊन थडकली: सैन्यातून पळालेले, भरती चुकवणारे, युद्धविरोधी लेखक, क्रांतिकारक, हेर, अडकून पडलेले विद्यार्थी. आयरिश लेखक जेम्स जॉइस तिथे होता. लेनिन आणि त्याची पत्नी क्रुप्स्काया फेब्रुवारी १९१६ मध्ये श्पीगेलगासे नावाच्या अरुंद, चढत्या गल्लीत १४ नंबरच्या घरात भाड्याने राहायला आले.

त्याच गल्लीत, १ नंबरच्या इमारतीत, ५ फेब्रुवारी १९१६ ला ‘कॅबरे व्हॉल्तेअर’ सुरू झाला.

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. ५ फेब्रुवारीला कॅबरे उघडला, २१ फेब्रुवारीला व्हर्दूनची लढाई सुरू झाली. ती डिसेंबरपर्यंत चालली आणि दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे सात लाख सैनिक त्यात मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. १ जुलैला सोमच्या लढाईच्या पहिल्या एका दिवसात १९ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक ठार झाले. आणि याच महिन्यांत, झुरिचपासून फार दूर, मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथे ब्रिटिशांची सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात उपाशी अडकली होती. तिच्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला या फौजेने शरणागती पत्करली. सातारा-कोकणातली पोरं घोड्याचं मांस खायची वेळ येईपर्यंत तिथे झुंजली, एका अशा युद्धात ज्याचं कारण त्यांना कुणी विचारून ठरवलं नव्हतं. म्हणून १९१६ हे साल ‘युरोपच्या कलेच्या इतिहासातलं’ म्हणून आपल्याला बाजूला ठेवता येत नाही.

मालकाला बिअर खपवायची होती

कॅबरे सुरू करणारे दोघे: ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्स.

बाल म्युनिकच्या नाट्यसृष्टीत काम करणारा जर्मन. युद्ध सुरू झालं तेव्हा तोही इतरांसारखा सैन्यात भरती व्हायला गेला होता. तब्येतीमुळे त्याला नाकारलं. मग १९१४ च्या अखेरीस तो स्वतःहून बेल्जियमच्या आघाडीवर काय चाललंय ते बघायला गेला, आणि जे पाहिलं त्याने पार हादरून परतला. १९१५ मध्ये तो हेनिंग्ससोबत झुरिचला आला. पैसे नव्हते. काही काळ तो खोट्या नावाने राहिला, आणि पोट भरण्यासाठी एका व्हरायटी कंपनीत पियानो वाजवू लागला. व्हरायटी म्हणजे कसरती, गाणी, नाच यांचा सरमिसळ कार्यक्रम.

हेनिंग्स ही त्या दोघांतली खरी मुरलेली कलाकार. म्युनिकच्या कॅबरेंमध्ये ती गायची, कविता लिहायची, तिने तुरुंगही पाहिला होता आणि त्यावर पुढे पुस्तक लिहिलं. दादाच्या इतिहासात तिचं नाव बरीच वर्षं ‘बालची सोबतीण’ असं एका ओळीत उरकलं जायचं. हे मला खटकतं. रात्री ज्या खोलीत लोक यायचे ते मुख्यतः तिचं गाणं ऐकायला यायचे. जाहीरनामे नंतर आले. आधी तिकडे एक बाई गात होती.

जागा होती ‘होलेंडिशे मायराय’ नावाच्या खाणावळीतली. मालक यान एफ्राइम, एकेकाळचा डच खलाशी. बालने पुढे छापलेल्या आठवणीत हा व्यवहार अगदी साधेपणाने सांगितला आहे: मी मालकांकडे गेलो, म्हणालो तुमचा हॉल मला द्या, मला कॅबरे काढायचाय, आणि त्यांनी दिला. मालकाला पटलं कारण हिशेब सोपा होता. कार्यक्रम असेल तर गिऱ्हाईक बसेल, गिऱ्हाईक बसलं तर बिअर, सॉसेज आणि सँडविच खपतील. खोलीत पंधरा-वीस टेबलं, दाटीवाटीने बसली तर पन्नासेक माणसं.

२ फेब्रुवारीला वर्तमानपत्रांत छोटं निवेदन आलं: तरुण कलावंत-लेखकांनी यावं, कुठल्याही पंथाचे असोत, आपलं काही सादर करावं. पहिल्याच संध्याकाळी, भिंतींवर अजून चित्रं टांगली जात असताना, बगलेत चित्रांच्या फायली घेऊन नम्रपणे वाकत चार तरुण आत आले. त्यांत रुमानियातून आलेला कवी त्रिस्तान त्सारा होता आणि झुरिचमध्ये वास्तुकला शिकणारा मार्सेल यान्को. अल्सासचा हान्स आर्प आला. थोड्याच दिवसांत जर्मनीतून वैद्यकीचा विद्यार्थी रिचर्ड ह्युल्झेनबेक पोहोचला. त्याला कविता म्हणता म्हणता मोठा ढोल वाजवायचा होता, आणि त्याने तो शेवटपर्यंत सोडला नाही.

यांतल्या कुणाच्याही खिशात नव्या कलापंथाचा आराखडा नव्हता. पहिले काही आठवडे कार्यक्रम बऱ्यापैकी सरधोपट होते: रशियन बालालाइका, फ्रेंच गाणी, चित्रकार कांदिन्स्कीच्या कविता, पियानो.

रोज संध्याकाळी नवं काय?

मला दादाची किल्ली इथे दिसते. कॅबरे जवळपास रोज चालायचा. प्रेक्षक म्हणजे मुख्यतः विद्यार्थी, पिऊन आरडाओरडा करणारे, कंटाळले की उठून जाणारे. मूठभर कलाकारांनी रोज रात्री कार्यक्रम भरायचा. मार्चच्या मध्यावरच बालने डायरीत लिहिलं की रोजच्या प्रयोगांच्या ताणाने माणूस नुसता थकत नाही, खिळखिळा होतो. अशा परिस्थितीत शांतपणे वाचायची लांब कविता टिकत नाही. टिकतं ते छोटं, मोठ्या आवाजाचं, डोळ्यांना दिसणारं आणि काल न पाहिलेलं.

त्यात आणखी एक अडचण. खोलीत सगळ्यांना समजेल अशी एक भाषा नव्हती. जर्मन, फ्रेंच, रुमानियन, रशियन असे सगळे मिसळलेले. शिवाय यांतल्या काही भाषा त्या क्षणी एकमेकींवर तोफा डागत होत्या. जर्मन माणसाने फ्रेंच गाणं म्हणणं हीच तेव्हा एक भूमिका होती.

मार्चच्या शेवटी ह्युल्झेनबेक, यान्को आणि त्सारा यांनी एक कविता सादर केली. तिचं नाव, मराठीत सांगायचं तर, ‘ॲडमिरल भाड्याने घर शोधतोय’. तिघे रंगमंचावर उभे राहिले आणि एकाच वेळी बोलू लागले: एक जर्मनमध्ये, एक इंग्रजीत, एक फ्रेंचमध्ये. मध्ये शिट्टी, खुळखुळा आणि ढोल. ऐकणाऱ्याला कुठलंच वाक्य धड पुरं कळत नाही. अगदी शेवटची ओळ मात्र तिघे मिळून, एकसुरात, फ्रेंचमध्ये म्हणतात: ॲडमिरलला काहीच सापडलं नाही.

याला ते ‘समकालिक कविता’ म्हणायचे, म्हणजे अनेक आवाजांनी एकाच वेळी म्हणायची कविता. वाचून हा खेळ वाटतो. पण १९१६ च्या त्या खोलीत बसलेल्याला तो रोजचा अनुभव होता. प्रत्येक देशाचं वर्तमानपत्र एकाच वेळी आपापल्या भाषेत ओरडतंय, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, आणि मधल्या यंत्रांच्या आवाजात माणसाचा आवाज बुडतोय. बालने डायरीत या कवितेचा अर्थ जवळजवळ असाच लावला आहे: माणसाचा आवाज आणि त्याला गिळायला निघालेलं यांत्रिक जग यांची झुंज.

यान्कोने पुठ्ठा, कागद आणि रंग यांचे मुखवटे बनवून आणले. बाल सांगतो की प्रत्येकाने एक मुखवटा चढवला आणि मजा म्हणजे मुखवटाच हालचाल सुचवू लागला. अमुक मुखवट्याला अमुकच पोशाख हवा, अमुक पद्धतीनेच पाऊल पडायला हवं. ठरवून, बैठक घेऊन हे झालं नाही. हाताशी पुठ्ठा होता आणि उद्याचा कार्यक्रम भरायचा होता.

‘दादा’ हे नाव याच वसंतात पडलं आणि जूनमध्ये त्यांच्या छोट्या पत्रिकेत छापून आलं. ते कुणी शोधलं यावर पुढे त्यांच्यातच जन्मभर भांडणं झाली. त्यात शिरण्याची आपल्याला गरज नाही.

अर्थ नसलेले शब्द कशासाठी?

आता सगळ्यांत अवघड भागाकडे. २३ जून १९१६ ची रात्र.

बालने स्वतःसाठी पोशाख केला होता. पाय चकचकीत निळ्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यात, कमरेपर्यंत. वर पुठ्ठ्याचाच प्रचंड मोठा गळपट्टा, आतून लाल, बाहेरून सोनेरी. कोपरं वरखाली केली की तो पंखांसारखा हलायचा. डोक्यावर उंच, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची टोपी. या अवतारात चालता येत नसल्याने दिवे मालवून त्याला उचलून रंगमंचावर आणून ठेवलं. तीन बाजूंना कागद ठेवलेले स्टँड. त्याने सावकाश, गंभीरपणे वाचायला सुरुवात केली, आणि त्यात ओळखीचा एकही शब्द नव्हता. नुसते ध्वनी. त्यांतली पुढे प्रसिद्ध झालेली एक कविता हत्तींच्या काफिल्यावर आहे. तिची सुरुवात अशी: ‘जोलिफांतो बांब्ला ओ फाल्ली बांब्ला’. मोठ्याने, रेंगाळत म्हणून बघा. जड पावलं ऐकू येतात.

वाचता वाचता बालच्या लक्षात आलं की त्याला हे पुढे नेता येत नाहीये. पोशाखाचा डौल आणि आवाजाची चाल जुळेना. मग आपोआप त्याचा आवाज चर्चमधल्या पाद्र्याच्या शोकगीताच्या चालीवर गेला. लहानपणी कॅथलिक चर्चमध्ये ऐकलेली ती चाल होती. शेवटी दिवे गेले आणि घामाने निथळणाऱ्या या ‘जादूच्या बिशप’ला उचलून खाली नेलं.

हे का केलं असेल? आपल्या जवळचा एक अनुभव आठवा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री खिशातली पाचशेची नोट होती तशीच होती. तोच कागद, तेच गांधीजी, तोच आकडा. पण तिच्या मागचा विश्वास गेला होता. १९१४ नंतर ‘सन्मान’, ‘पितृभूमी’, ‘संस्कृती’, ‘बलिदान’ या शब्दांचं बालसारख्यांच्या लेखी तसंच झालं. ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मनीतल्या ९३ नामवंतांनी जाहीर पत्रक काढून आपल्या सैन्याची बेल्जियममधली कृत्यं नाकारली आणि संस्कृतीच्या नावाने युद्धाची पाठराखण केली. सही करणाऱ्यांत भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक होते, क्ष-किरण शोधणारे रोन्टगेन होते, नोबेल मिळालेले नाटककार गेरहार्ट हाउप्टमान होते. देशातली सर्वोत्तम डोकी सर्वोत्तम शब्द वापरून हे सांगत असतील, तर त्या शब्दांत कविता कशी लिहायची?

बालचं उत्तर टोकाचं होतं. वर्तमानपत्रांनी नासवलेली भाषा सोडून द्यायची आणि दुसऱ्या कुणी आधी न वापरलेल्या ध्वनींपर्यंत मागे जायचं. त्याच्या डायरीत दुसऱ्याच दिवशीची नोंद याच अर्थाची आहे. म्हणजे ‘निरर्थक’ कवितेमागचा विचार अगदी नेमका आहे. तो पटला नाही तरी चालेल, पण विचार नव्हता असं म्हणता येणार नाही.

‘बाहेर माणसं मरत होती आणि हे नाचत होते?’

हा आक्षेप सर्वांत आधी यायला हवा, आणि तो तेव्हाही घेतला गेला.

एक तर ही मंडळी युद्धाकडे पाठ फिरवून बसली नव्हती. बालने ‘मृत्यूचं नृत्य’ नावाचं गीत लिहिलं होतं. प्रशियन सैन्याच्या एका लोकप्रिय कूचगीताचे शब्द होते, ‘असे आम्ही जगतो, असे आम्ही जगतो’. त्याच चालीवर बालने लिहिलं, ‘असे आम्ही मरतो, असे आम्ही मरतो, रोजच मरतो’. हेनिंग्स ते गायची. चाल प्रत्येक जर्मन माणसाच्या कानात बसलेली, त्यामुळे शब्द बदलल्याबरोबर काय चाललंय ते कळायचं. यात निरर्थक काही नाही.

दुसरं म्हणजे त्याच काळात युद्धाचं उघड गुणगान करणारी अवाँ-गार्द कलाही होती. इटलीच्या फ्युचरिस्टांचा, म्हणजे यंत्र आणि वेगाचं गुणगान करणाऱ्या कलावंतांचा, नेता मारिनेत्ती याने १९०९ च्या जाहीरनाम्यात युद्धाला जगाची एकमेव साफसफाई म्हटलं होतं. दादावाल्यांनी फ्युचरिस्टांकडून गोंगाटाचं संगीत, छापील अक्षरांचे खेळ असं बरंच काही घेतलं. युद्धप्रेम मात्र घेतलं नाही. नियम मोडणारी सगळी कला एका माळेत ओवणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

आणि तिसरं, खुद्द बालला या विसंगतीची जाणीव होती. मार्च १९१६ मध्ये तो लिहितो की आपण जे साजरं करतोय ते एकाच वेळी विदूषकाचा खेळ आहे आणि मृतांसाठीची प्रार्थनाही. मला हे त्या खोलीचं सर्वांत प्रामाणिक वर्णन वाटतं.

आफ्रिकेच्या नावाने जे झालं, त्याचं काय?

एक गोष्ट मात्र झाकून ठेवण्यासारखी नाही. ह्युल्झेनबेक ढोल बडवत ‘निग्रो कविता’ म्हणायचा. त्या त्याने घरी बसून रचल्या होत्या आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘उंबा उंबा’ यायचं. मालक एफ्राइम खलाशी म्हणून जग हिंडलेला. त्याने एकदा ह्युल्झेनबेकला सांगितलं की हे खरं नाही, आणि स्वतः ऐकलेली काही गाणी त्याला आणून दिली. ह्युल्झेनबेकने ती घेतली, पण शेवटचं ‘उंबा’ सोडायला तो तयार झाला नाही. हे त्याने स्वतःच सांगितलं आहे.

युरोपची संस्कृती किती पोकळ आहे हे दाखवायला निघालेले लोक आफ्रिकेकडे मात्र त्याच युरोपच्या वसाहतवादी नजरेने बघत होते. ‘आदिम’, ‘रानटी’, म्हणून मुक्त. ज्यांच्या नावाने हे चाललं होतं त्यांतला कुणी त्या खोलीत नव्हता. तेव्हाच्या वसाहतीत राहणाऱ्यांचे वंशज म्हणून आपल्याला हे दिसायलाच हवं. मी दादाचा चाहता आहे आणि तरी ही खोट मोठी मानतो.

‘हे तर कुणीही करेल’

करेल. त्यांनाही हेच हवं होतं. निवेदनातच म्हटलं होतं की या आणि काहीही सादर करा. कौशल्य ही कलेची एकमेव कसोटी आहे का, असा त्यांचा प्रश्न होता.

पण म्हणून त्यांच्यात कौशल्य नव्हतं असा समज करून घेऊ नये. सोफी टॉयबर हे नाव त्यासाठी लक्षात ठेवा. ती १९१६ पासून झुरिचच्या उपयोजित कलेच्या शाळेत वस्त्रकला शिकवायची. चौकोन आणि उभ्या-आडव्या रेषा यांतून तिने विणलेल्या आणि भरतकाम केलेल्या रचना आजही विलक्षण ताज्या वाटतात. ती नृत्यही शिकली होती आणि मार्च १९१७ मध्ये झुरिचमध्येच या मंडळींनी काढलेल्या दादा गॅलरीच्या उद्घाटनाला मुखवटा घालून नाचली. शाळेला हे असलं खपणारं नव्हतं, म्हणून ती टोपणनावाने रंगमंचावर यायची. पुढे १९९५ मध्ये स्वित्झर्लंडने आपल्या ५० फ्रँकच्या नोटेवर तिचाच चेहरा छापला.

पाच महिन्यांत बंद, मग एवढं नाव कसं?

कॅबरे व्हॉल्तेअर जुलै १९१६ मध्ये बंद पडला. बाल थकला होता. १४ जुलैला झुरिचमधल्या एका जुन्या सभागृहात पहिली जाहीर ‘दादा संध्या’ झाली, तिथे त्याने आपला जाहीरनामा वाचला आणि थोड्याच काळात तो यातून बाहेर पडू लागला. एका पंथाचं दुकान मांडायचं त्याच्या मनात नव्हतं. पुढे तो पुन्हा कॅथलिक धर्माकडे वळला आणि १९२७ मध्ये दक्षिण स्वित्झर्लंडमध्ये वारला.

चळवळ पसरली ती त्सारामुळे. तो पत्रं लिहायचा, पत्रिका छापायचा आणि सरहद्दींपलीकडे पाठवायचा. युद्धात माणसांना सीमा ओलांडणं अवघड होतं, छापील कागद मात्र कसाबसा पोहोचायचा. १९२० च्या जानेवारीत तो स्वतः पॅरिसला गेला. तिथल्या तरुण कवींनी त्याला डोक्यावर घेतलं, मग त्याच्याशी भांडले, आणि त्या भांडणातूनच १९२४ मध्ये त्यांच्यातल्याच आंद्रे ब्रेतोंचा अतिवास्तववाद (सररिअलिझम) उभा राहिला.

न्यूयॉर्कचा धागा वेगळा आहे. मार्सेल ड्युशाँने एप्रिल १९१७ मध्ये दुकानातून आणलेलं मुतारीचं भांडं, ‘आर. मट’ अशी सही करून, एका प्रदर्शनाला पाठवलं. शुल्क भरणाऱ्या कुणाचीही कलाकृती घेणार असा त्या प्रदर्शनाचा नियम होता. तरीही ते मांडलं गेलं नाही. ड्युशाँ झुरिचच्या खोलीत कधी नव्हता आणि तयार वस्तू कला म्हणून निवडण्याचे प्रयोग त्याने युद्धाच्या आधीच सुरू केले होते. नंतर दोन्ही प्रवाहांना एकच नाव लागलं. लिलावातल्या केळ्याचं थेट नातं ड्युशाँशी आहे, झुरिचशी कमी.

मग यातून बदललं काय?

युद्ध थांबलं नाही. तसं होईल असं त्यांतल्या कुणालाही वाटत नव्हतं. १४ नंबरमधला शेजारी लेनिन एप्रिल १९१७ मध्ये रशियाला निघून गेला आणि त्याने जे केलं त्याचे परिणाम अर्थातच वेगळ्याच मापाचे होते.

पण ह्युल्झेनबेक १९१७ मध्ये बर्लिनला परतला तेव्हा दादाचं रूप पालटलं. झुरिचमध्ये सुरक्षित अंतर होतं. बर्लिनमध्ये उपासमार होती, मग पराभव आला, रस्त्यावर क्रांती आणि गोळीबार आला. तिथे हान्ना ह्योख, राउल हाउसमान, गेओर्ग ग्रोस, जॉन हार्टफील्ड यांनी वर्तमानपत्रांतले फोटो आणि मथळे कापून, उलटसुलट जोडून चित्रं बनवायला घेतली. याला फोटोमोंताज म्हणतात. जी वर्तमानपत्री भाषा बालने सोडून दिली होती, तिचेच तुकडे या मंडळींनी तिच्याविरुद्ध वापरले. आज आपल्या मोबाइलवर फिरणारी राजकीय मीम्स त्याच पद्धतीने बनतात: सत्ताधाऱ्याचा फोटो उचलायचा, भलत्या ठिकाणी चिकटवायचा, अर्थ पालटायचा.

१९२० मध्ये बर्लिनला दादांचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. छताला जर्मन अधिकाऱ्याच्या गणवेशातला, डुकराच्या तोंडाचा पुतळा टांगला होता. सैन्याचा अपमान केल्याबद्दल खटला भरला गेला आणि १९२१ मध्ये कोर्टाने ग्रोसला ३०० मार्क, तर त्याचा प्रकाशक वीलांड हर्ट्झफेल्डेला ६०० मार्क दंड केला. कलेला पोरखेळ म्हणणाऱ्यांना सैन्याने दिलेलं हे उत्तर मला फार बोलकं वाटतं. पुढे नाझींनी १९३७ मध्ये म्युनिकला ‘अधःपतित कला’ म्हणून जी चित्रं लोकांना हसण्यासाठी मांडली, त्यांत दादासाठी भिंतीचा एक भाग राखून ठेवला होता.

या बर्लिनच्या कंपूतही बाईची जागा झुरिचसारखीच आक्रसलेली होती. ग्रोस आणि हार्टफील्ड यांना १९२० च्या प्रदर्शनात ह्योख नकोच होती, हाउसमानने आग्रह धरला म्हणून तिचं काम लागलं. तिचा प्रचंड फोटोमोंताज आज बर्लिन दादातली सर्वांत प्रसिद्ध कलाकृती मानला जातो. अनेक वर्षांनी एका सहकाऱ्याने आठवणी लिहिल्या तेव्हा त्याला तिच्याबद्दल आठवली ती पैसे नसतानाही तिने कुठून तरी जमवलेली सँडविच, बिअर आणि कॉफी. पण बहुतेक सगळे दादावाले जर्मनी सोडून गेले तेव्हा ह्योख बर्लिनमध्येच राहिली. शहराच्या कडेला एक छोटं घर घेऊन तिने स्वतःची आणि मित्रांची चित्रं, पत्रकं, पत्रं नाझी राजवटीत आणि दुसऱ्या महायुद्धात सांभाळली. ती सापडली असती तर तिच्या जिवावर बेतलं असतं. बर्लिनच्या दादाबद्दल आज जे लिहिलं जातं त्यातला मोठा भाग तिने जपलेल्या या कागदांवर उभा आहे.